सायकलच्या हँडलला जाणारे तडे, धातूचा थकवा आणि दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दूधवाले, शेतकरी, शाळकरी मुलांचे पालक, दुरुस्तीचे कारागीर आणि अलीकडे घाटरस्त्यांवर सायकल चालवणारी तरुण मंडळी हँडलच्या तड्यांविषयी जे प्रश्न सतत पाठवत असतात, ते येथे एकत्र केले आहेत. सायकलची साखळी तुटली तर माणूस पायी घरी येतो, चाक पंक्चर झाले तर ढकलत येतो. हँडल तुटले तर मात्र दिशा आणि ब्रेक दोन्ही एकाच क्षणी हातातून जातात. म्हणून पुढील काही उत्तरे वाचणाऱ्याला कडक वाटतील, आणि ती तशीच असावीत असे माझे मत आहे.

१. धातू थकतो म्हणजे नेमके काय होते?

एखादी नळी एकाच धक्क्यात वाकवायला जेवढा जोर लागतो, त्याहून बराच कमी जोर तिच्यावर हजारो-लाखो वेळा येत-जात राहिला, तर पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्याशी, गंजाच्या खड्ड्याशी किंवा वेल्डिंगच्या कडेशी सूक्ष्म तडा जन्माला येतो. त्यानंतरच्या प्रत्येक हिसक्याबरोबर तो किंचित पुढे सरकतो आणि उरलेला धातू ओझे पेलू शकेनासा झाला की नळी एकदम तुटते. विश्रांतीने हा थकवा उतरत नाही. सहा महिने अंगणात उभी ठेवलेली सायकल पुन्हा बाहेर काढली, तर तडा जिथे होता तिथूनच पुढे वाढू लागतो.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला आणि चांगल्या लोखंडाचा आस असा का तुटतो, हा प्रश्न अभियंत्यांपुढे ठळकपणे आला. पुढे १८५० आणि १८६०च्या दशकांत जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखवले की एकदाच येणाऱ्या मोठ्या ताणाइतकाच पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान ताणाचा हिशेब महत्त्वाचा असतो. आपल्या हँडलला लागू पडणारा नियम तोच आहे.

२. सायकल कधी पडली नाही, हँडलवर फार ओझेही टाकले नाही. मग ते अचानक कसे तुटले?

ते तुटले अचानक, पण तुटत आले होते बऱ्याच काळापासून. तुटलेले तोंड उजेडात धरून पाहा. एक भाग गुळगुळीत, कधी काळपट किंवा गंजाने तांबूस झालेला दिसेल आणि त्यावर, तापीचे पाणी ओसरताना काठच्या गाळावर जशा एकामागे एक वळणदार रेघा उरतात, तशा रेघा कधी कधी नुसत्या डोळ्यांनी दिसतील. हा तडा हळूहळू वाढल्याचा भाग. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार आणि चकचकीत असेल. तो शेवटच्या क्षणी तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरबरीत भाग लहान असेल, तर शेवटचा हिसका किरकोळ होता आणि हँडल आधीच जवळजवळ कापले गेले होते, असे समजावे. रस्त्यावरच्या ज्या खड्ड्याला आपण दोष देतो, तो बहुतेक वेळा निमित्तमात्र असतो.

३. तडा बहुधा कोठे जातो?

जेथे नळी मोकळी असते तेथून ती पकडलेली असते तेथे जाताना, म्हणजे पकडीच्या अगदी काठाशी. हँडलच्या मधल्या पकडीच्या दोन्ही बाजूंना पहिली शंका घ्यावी. त्यानंतर ब्रेकच्या लिव्हरचा पट्टा जेथे आवळलेला असतो ती जागा, आडव्या जोडनळीचे वेल्डिंग, केबल आत जाण्यासाठी पाडलेली छिद्रे आणि घंटी किंवा टोपली बसवताना कोणी नंतर पाडलेली छिद्रे. जुन्या काळ्या सायकलींत हँडल आणि त्याची उभी दांडी पितळाने जोडलेली असते. तेथे जोडाच्या कडेने बारीक काळी रेघ दिसते का, ते पाहावे. उभ्या दांडीविषयी आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याविषयी प्रश्न १४ पाहा.

४. घरच्या घरी तडा कसा शोधावा?

प्रथम मुठी आणि टेप काढा, कारण तडे झाकण्याचे काम त्या फार चांगले करतात. हँडल साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून दिवसाच्या उजेडात नळीभोवती बोट आणि नंतर नख फिरवा. संशय आला तर रॉकेल आणि खडूची जुनी रीत वापरा. रेल्वेच्या कारखान्यांत आस तपासण्यासाठी तेल आणि पांढऱ्या भुकटीची अशीच पद्धत पूर्वी चालत असे, त्यामुळे भुसावळच्या जुन्या जाणत्यांना ती नवी वाटणार नाही. संशयित जागी रॉकेल, ते न मिळाल्यास डिझेल, लावून अर्धा तास ठेवावे, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे आणि वरून खडूची बारीक पूड भुरभुरावी किंवा स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यावा. तडा असेल तर आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर ओली, सरळ किंवा किंचित वाकडी रेघ उमटते. हाताने हँडल थोडे दाबून धरल्यास रेघ लवकर दिसते.

याच तत्त्वावर चालणारे लाल रंगाचे तपासणी-द्रव तीन डब्यांच्या संचात औद्योगिक साहित्याच्या दुकानांत मिळतात आणि ते रॉकेलपेक्षा बरेच सूक्ष्म तडे दाखवतात. ज्या कारागिराकडे महिन्याला बऱ्याच सायकली येतात, त्याने असा संच ठेवावाच.

रेघ दिसली नाही म्हणजे तडा नाहीच, असे मात्र समजू नये. नळीच्या आतून सुरू झालेला किंवा रंगाखाली बुजलेला तडा या पद्धतीने सापडत नाही.

५. हँडलमधून कुरकुर आवाज येतो. तो तड्याचा असतो का?

बहुतेक वेळा नाही. पकड सैल असणे, पकडीत धूळ जाणे किंवा उभी दांडी कोरडी पडणे ही नेहमीची कारणे आहेत. हँडल काढून, पुसून, उभ्या दांडीला ग्रीस लावून योग्य तेवढे आवळल्यावरही आवाज तसाच राहिला, तर मात्र प्रश्न ४ मधील तपासणी होईपर्यंत सायकल रस्त्यावर आणू नये.

६. माझे हँडल स्टीलचे आहे की अ‍ॅल्युमिनियमचे, आणि त्याने काय फरक पडतो?

चुंबक लावून पाहा. साध्या स्टीलला तो चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. काही स्टेनलेस स्टीललाही तो चिकटत नाही, पण ती नळी वजनाला जड लागते.

फरक मोठा आहे. स्टीलच्या बाबतीत ताणाची अशी एक मर्यादा असते की त्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी थकव्याचा तडा सहसा सुरू होत नाही. प्रयोगशाळेतील गुळगुळीत नमुन्यात ती तुटण्याच्या ताकदीच्या साधारण निम्मी भरते. प्रत्यक्ष हँडलवर गंज, ओरखडे आणि वेल्डिंग असल्यामुळे ती बरीच खाली येते, पण असते. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. त्यावर येणारा प्रत्येक लहान हिसका आयुष्यातून थोडे खर्च करतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे हँडल दिसायला नवे असले तरी जोरात पडझड झाल्यावर किंवा अनेक वर्षांच्या वापरानंतर बदलावे लागते. शिवाय स्टील तुटण्यापूर्वी अनेकदा थोडे वाकून किंवा लवचिक वाटून इशारा देते. अ‍ॅल्युमिनियमकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

७. दुधाच्या किटल्या, केळीचा घड किंवा युरियाची पिशवी हँडलला अडकवली तर चालते का?

नेहमीचा रिवाज म्हणून चालत आले आहे, पण हँडल त्यासाठी बनवलेले नसते. उभ्या सायकलवर दहा किलोची किटली हँडलच्या टोकाजवळ लटकते तेव्हा तिचा भार दहा किलोचाच असतो; खड्ड्यातून जाताना ती वरखाली उसळते आणि तेवढ्या क्षणापुरता भार कितीतरी वाढतो. त्यातच ती झुलते, म्हणजे नळी वर-खाली तसेच पुढे-मागेही वाकत राहते. वेल्डिंग केलेल्या जोडांचा ठोकताळा असा की ताण दुप्पट झाला तर आयुष्य सुमारे एक-अष्टमांश होते. पाच वर्षे चालला असता असा जोड साताठ महिन्यांत जाणे त्यामुळे शक्य होते.

ओझे मागच्या कॅरिअरवर, दोन्ही बाजूंना सारखे आणि जितके खाली ठेवता येईल तितके खाली ठेवावे. पुढेच काही ठेवायचे असेल, तर चाकाच्या आसावर टेकणारे पुढचे कॅरिअर बसवावे. शाळेच्या सायकलींवर हँडलला टांगलेल्या टोपलीत भरलेले दप्तर ठेवण्याची सवय मुलींच्या सायकलींत फार दिसते. टोपलीला खालून आधार देणाऱ्या दोन काड्या नसतील तर त्या आवर्जून लावून घ्याव्यात.

८. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश तापमान जाते. उन्हाने हँडल कमकुवत होते का?

धातू होत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात काळी नळी हाताला चटका देण्याइतकी तापते, पण अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांना कारखान्यात ताकद येण्यासाठी १६० ते १७५ अंशांवर काही तास तापवलेलेच असते. उन्हाचा खरा परिणाम रबरी मुठींवर होतो. त्या सैल होऊन फिरू लागतात आणि तेही धोक्याचेच असते.

घाम आणि खत यांच्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. मुठीखाली साचलेला खारट घाम स्टीलला गंजवतो आणि गंजाचा प्रत्येक खड्डा तड्याला जागा करून देतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीला पोटॅश भरपूर लागते. त्यासाठी वापरले जाणारे म्युरेट ऑफ पोटॅश हे रसायनदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक क्षारच आहे. त्याची गोणी सायकलवरून नेल्यानंतर सायकल स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. गंजणे आणि हिसके बसणे एकत्र चालू असेल, तर स्टीलची प्रश्न ६ मध्ये सांगितलेली सुरक्षित मर्यादाही उरत नाही.

९. तडा गेलेले स्टीलचे हँडल वेल्डिंग करून चालेल का?

साधे हँडल मिळत असेल तर नवेच घ्यावे. हँडलला तडा गेला याचा अर्थ त्या जागी ताण त्याच्या शक्तीबाहेर जात होता. वेल्डिंगने तडा बुजतो, पण ताणाचे कारण तसेच राहते आणि वर वेल्डिंगची कडा हे तडा सुरू होण्याचे नवे ठिकाण तयार होते. म्हणून वेल्डिंग केलेले हँडल बहुधा जुन्या तड्यावर न तुटता त्याच्या शेजारी तुटते. कारागीर म्हणतो, ‘माझा जोड तुटला नाही’. त्याचे म्हणणे खरे असते आणि तरीही हँडल तुटलेलेच असते.

अपवाद एकच मानतो. जुन्या काळ्या सायकलीचे, दांड्यांच्या ब्रेकचे हँडल, ज्याला जुळणारे दुसरे मिळत नाही, जे साध्या स्टीलचे आहे आणि जे गावातल्या गावात, ओझ्याशिवाय वापरायचे आहे, ते प्रश्न १० मधील रीतीने दुरुस्त करता येते. तरीही दर महिन्याला प्रश्न ४ प्रमाणे तपासणी चालू ठेवावी. घाटात उतरायच्या सायकलीला, उदाहरणार्थ चाळीसगावकडून कन्नड घाट चढून पुन्हा उतरणाऱ्यांना, हा अपवाद लागू नाही.

१०. मग ती दुरुस्ती कशी करावी?

पातळ नळीवर साध्या विजेच्या वेल्डिंगपेक्षा गॅसवर पितळ भरणे चांगले, कारण नळी वितळत नाही आणि जोडाची कड सौम्य राहते. सुरुवातीला तड्याभोवतीचा रंग आणि क्रोम दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पूर्ण काढावे. क्रोमवर थेट ज्योत धरली तर विषारी धूर निघतो आणि जस्ताचा मुलामा असेल तर त्याच्या धुराने थंडी-ताप भरतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. तड्याचे खरे टोक खडूच्या रीतीने शोधून त्याच्या पुढेपर्यंत कानशीने खाच करावी. नळीची दोन्ही टोके बंद असतील तर एक उघडावे, नाहीतर आतली तापलेली हवा वितळलेले पितळ बाहेर फेकते. टाकणखाराचा लेप लावून नळी उजळ लाल होईपर्यंत, साधारण ९०० अंशांपर्यंत, सगळीकडून सारखी तापवावी आणि पितळ स्वतःहून फटीत ओढले जाईल असे पाहावे. ते थेंब-थेंब वर बसत असेल तर जागा स्वच्छ नाही किंवा पुरेशी तापलेली नाही.

यानंतरची दोन कामे बहुतेक ठिकाणी चुकतात. पहिले, काम उरकण्यासाठी तापलेल्या नळीवर पाणी ओतले जाते. ते करू नये. साध्या स्टीलला कदाचित फारसे काही होणार नाही, पण क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची, नळी ठिसूळ होऊ शकते. ती वाऱ्यापासून आडोशाला आपोआप थंड होऊ द्यावी. दुसरे, ग्राइंडर नळीभोवती गोल फिरवून जोड चकाचक केला जातो. त्याने नळी पातळ होते आणि भोवताली पडलेला प्रत्येक ओरखडा तड्याच्याच दिशेने असतो. घासायचे ते कानस आणि पॉलिश पेपरने, नळीच्या लांबीच्या दिशेने, आणि कडा सौम्य होईल एवढेच.

११. अ‍ॅल्युमिनियमचे हँडल आर्गन वेल्डिंगने जोडता येते असे कारागीर सांगतो. जोडावे का?

नाही. जोड दिसायला सुंदर येईल, कारागिराच्या हातात कसबही असेल, पण अडचण त्याच्या हाताबाहेरची आहे. सायकलच्या बऱ्याच नळ्यांत वापरल्या जाणाऱ्या ६०६१ प्रकारच्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा तापून नरम पडतो आणि तेथील ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. ती परत आणण्यासाठी संपूर्ण भाग सुमारे ५३० अंशांवर तापवून पाण्यात बुडवणे आणि नंतर कमी तापमानावर अनेक तास ठेवणे आवश्यक असते. अशी भट्टी नाक्यावरच्या दुकानात नसते. ७०७५ प्रकारच्या नळीवर तर वेल्डिंग थंड होतानाच तडे जातात. हँडलवर प्रकार छापलेला असेल तर तो पाहा, नसेल तर अंदाज बांधू नका.

१२. कमी तापमानाला वितळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, एपॉक्सी पुट्टी, किंवा नळीत आतून लाकूड वा सळई घालणे, यांपैकी काही चालेल का?

कांड्यांनी होणारा जोड हा डाख देण्याच्या जातीचा असतो. रेडिएटर किंवा भांडे गळत असेल तर तो उपयोगी आहे, पण वाकणाऱ्या नळीसाठी नाही, आणि तेवढ्या उष्णतेनेही प्रश्न ११ मधील नरमपणा येतोच. एपॉक्सी केवळ तडा झाकते. ते सर्वांत वाईट, कारण पुढच्या माणसाला तडा दिसतही नाही.

आत लाकूड ठोकल्याने ओल साचते. सळई किंवा दुसरी नळी घालणे हे स्टीलच्या दुरुस्तीत पितळाबरोबर पूरक म्हणून करता येते, मात्र ती घट्ट बसणारी असावी, तड्याच्या दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट पोहोचावी आणि तिची टोके तिरकी कापलेली असावीत. सरळ कापलेले टोक जेथे संपते तेथे नळीची कडकता एकदम बदलते आणि पुढचा तडा तेथेच जातो.

१३. वाकलेले हँडल सरळ करून वापरता येईल का? आणि तड्याच्या टोकाला छिद्र पाडले तर तो थांबतो, हे खरे आहे का?

साध्या स्टीलचे थोडे वाकलेले हँडल, तडा नसल्याची खात्री करून, एकदा थंड अवस्थेत हळूहळू सरळ करता येते. दुसऱ्यांदा नाही. अ‍ॅल्युमिनियमचे एकदाही नाही.

छिद्राची युक्ती खरी आहे, पण ती रुंद पत्र्यासाठी आहे. यंत्राच्या पत्र्यात छिद्राने तड्याचे टोक बोथट होते आणि दुरुस्ती होईपर्यंत वेळ मिळतो. २२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मुळात थोडा उरलेला धातू छिद्राने आणखी कमी होतो.

१४. उभी दांडी किंवा चिमट्याची नळी यांत तडा असेल तर?

दुरुस्ती नको, भाग बदला. चिमट्यात आत शिरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दांडीवर ‘किमान खोली’ची खूण असते आणि हँडल उंच करण्याच्या हौसेने ती खूण बाहेर ओढली गेलेली पुष्कळदा दिसते. त्यामुळे दांडी लहानशा लांबीवर सगळा भार घेते, शिवाय तिचा खालचा टोकदार तुकडा चिमट्याच्या नळीला आतून फुगवतो. खूण नेहमी आत असावी. नव्या पद्धतीच्या चार बोल्टांच्या पकडीत बोल्ट आलटून-पालटून, फट चारी बाजूंना सारखी राहील असे आवळावेत. बोल्ट किती जोराने आवळावेत यासाठी पकडीवर बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर असा आकडा लिहिलेला असतो. लांब पान्याने अंगातला सगळा जोर लावून आवळलेली पकड हे अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलला तडा जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

१५. माझी मुलगी एकचाकी सायकल चालवते. तिला हँडलच नसते, मग हे सगळे लागू आहे का?

दिशा वळवायचे हँडल नसते, पण सीटच्या पुढे हाताने धरायची मूठ असते आणि तिला थकवा येतोच. चढावर किंवा उड्या मारताना चालवणारा सीट वर ओढून धरतो, म्हणजे पायांना शरीराच्या वजनापेक्षा अधिक जोर लावता येतो. हा सगळा ओढ मुठीतून सीटच्या तळाला, तेथून चार बोल्टांना आणि शेवटी सीटच्या दांडीवर वेल्डिंग केलेल्या लहान पट्टीला जातो. तडा बहुधा त्या पट्टीच्या वेल्डिंगशी किंवा तळातील बोल्टांच्या छिद्रांशी सुरू होतो. शिवाय शिकणारे मूल उतरताना एकचाकी अनेकदा मुठीवरच आपटते, म्हणून ती दुचाकीच्या हँडलपेक्षा वारंवार पाहावी लागते.

येथे एक सवलत देता येते. एकचाकीची मूठ तुटली तर ब्रेक आणि दिशा जात नाही, बहुधा मूल पायांवर उतरते. स्टीलच्या दांडीची पट्टी कुशल कारागिराकडून पुन्हा जोडून घेणे त्यामुळे मान्य करता येते, पण अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीला प्रश्न ११ लागू आहे. नवी दांडी घेताना व्यास मोजूनच घ्यावी, २५.४ आणि २७.२ मिलिमीटर ही मापे नेहमी आढळतात आणि डोळ्यांना ती सारखीच वाटतात. सैल बसणाऱ्या दांडीभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

१६. गंजलेल्या हँडलला पुन्हा क्रोम करून घ्यावे का?

आधी प्रश्न ४ ची तपासणी करा, कारण क्रोम झाल्यावर तडा दिसणार नाही. गंजाचे खड्डे नखाला जाणवण्याइतके खोल असतील तर क्रोमवर खर्च करू नये. क्रोम दिसण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी आहे. नळीची ताकद त्याने वाढत नाही.

१७. बदललेले जुने हँडल भंगारात द्यावे का?

द्यावे, पण करवतीने मधोमध कापूनच. भंगारच्या दुकानातून हँडल वीस-तीस रुपयांना उचलून दुसऱ्या सायकलला बसवले जाते, आणि रंग मारल्यावर तडा कोणाला दिसत नाही. दुरुस्तीच्या दुकानात तडा गेलेले हँडल भिंतीवर टांगून ठेवायचे असेल, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ते उपयोगी पडतेच, तर त्याच्याही पकडीच्या भागातून आरपार काप घ्यावा.